कापसाच्या पैशातलं डिपॉझिट आणि मुंबईतलं वन बीएचके

प्रश्न आला आहे यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातल्या एका तरुणाचा. सात महिन्यांपासून मुंबईत साकीनाक्याला नोकरी आहे, हातात ३६,००० पडतात. सध्या पाच पोरांसोबत एका खोलीत राहतो. बायको आणि दोन वर्षांची मुलगी गावी आहे, दोघींना घेऊन जायचं आहे. अंधेरीत एजंटनं वन बीएचकेचं भाडं ३८,००० सांगितलं. वडील म्हणतात, कापूस विकून डिपॉझिटचे ७५,००० देतो. त्याचं विचारणं असं: आपल्याला परवडेल असं वन बीएचके कुठे मिळेल? आणि भाड्यात पैसे घालण्यापेक्षा गावची दोन एकर विकून घरच घेऊन टाकावं का?

भाऊ, मी मूळची हिंगणघाट तालुक्यातली. लग्नानंतर आधी कल्याणला, मग डोंबिवलीला गेले आणि २००३ ते २०२१ अशी अठरा वर्षं तिथं भाड्याच्या घरांची एजंट म्हणून काम केलं. आता गावी असते, पण आपल्याकडची पोरं-पोरी तिकडे निघाली की फोन येतोच. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. शेती विकू नका. पुढच्या दोन वर्षांत तरी नाही. का ते खाली सांगते.

आता पहिला प्रश्न. घर मिळेल, १० ते १२ हजारांच्या आत मिळेल, पण अंधेरीत, साकीनाक्यात किंवा घाटकोपरला नाही. तिथे शोधण्यात रविवार घालवू नका. त्या पैशात तिथे जे दाखवतील ते बहुतेक वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर असेल, आणि त्याची बाल्कनी पत्र्यानं बंद करून तिला बेडरूम म्हणत असतील. एजंट लोक त्याला ‘कन्व्हर्टेड वन बीएचके’ म्हणतात. फोनवरच विचारायचं, कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, किती? साधं वन बीएचके साडेतीनशे ते साडेचारशे चौरस फुटांचं असतं. दोनशे-सव्वादोनशे सांगितलं तर ते आरके आहे, नाव काहीही असो.

घर शोधताना लोक आधी भाडं बघतात. मी आधी नकाशा काढायला सांगते. तुमचं ऑफिस साकीनाक्याला, म्हणजे मेट्रोवर. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोनं घाटकोपरहून साकीनाका तिसरं स्टेशन आहे, अंधेरीहून पाचवं. म्हणून तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. एक मध्य रेल्वेनं घाटकोपर आणि तिथून मेट्रो. दुसरा पश्चिम रेल्वेनं अंधेरी आणि तिथून मेट्रो. पश्चिमेला स्वस्त घर म्हणजे विरार-नालासोपारा, मध्यला कल्याणच्या पुढे अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा. तुम्ही मध्य रेल्वे धरा असं मी म्हणेन. विदर्भ एक्सप्रेस आणि सेवाग्राम एक्सप्रेस दोन्ही कल्याणला थांबतात. वर्धेला गाडीत बसलेली तुमची माय कल्याणला उतरली की लोकलनं तिसऱ्या स्टेशनवर अंबरनाथ. लेकरू आजारी पडलं आणि आजीला रातोरात बोलवावं लागलं, तेव्हा हा फरक कळतो. विरारला राहणाऱ्याच्या घरचे दादरला उतरतात, पूल चढून पश्चिम रेल्वेवर जातात आणि बोचकी घेऊन पुन्हा विरार लोकलमध्ये शिरतात. मी माझ्या सासूला त्या पुलावर रडताना पाहिलं आहे.

मध्य रेल्वेवरही स्टेशन निवडताना एक गोष्ट घट्ट धरा: जिथून लोकल सुटते तिथे घर बघा. अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा, कल्याण, डोंबिवली इथून मुंबईकडे गाड्या सुटतात. सुटणाऱ्या गाडीत पंधरा मिनिटं आधी गेलं तर बसायला मिळतं, निदान आत उभं राहता येतं. मधल्या स्टेशनवर भरलेल्या गाडीच्या दारात लटकायचं आणि घरी बायकोनं घड्याळाकडे बघत बसायचं, असं जगणं मी शेकडो घरांत पाहिलं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकल बाजूनं जाताना दारातली माणसं खाली पडली, काही जीवानिशी गेली. महिना दोन हजार भाडं वाचतं म्हणून तुम्ही त्या दारात उभं राहू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

भाड्याचे आकडे मला सध्या कानावर येतात ते साधारण असे. अंबरनाथ-बदलापूरला स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांत वन बीएचके आठ ते बारा हजार. कल्याण पूर्वेला दहा ते चौदा. डोंबिवलीत स्टेशनजवळ पंधराच्या पुढे, लांब गेलात की कमी. टिटवाळा सगळ्यांत स्वस्त, पण तिथून घाटकोपरला यायला वेळ जास्त आणि गाड्या कमी. तुमच्या पगारात भाडं आणि मेंटेनन्स मिळून १२,००० च्या वर जाऊ देऊ नका.

इथे चुकीचा हिशेब कसा होतो बघा. समजा डोंबिवलीत स्टेशनपासून तीन किलोमीटरवर ११,००० चं घर मिळालं आणि अंबरनाथला चालत जाण्याजोगं घर ११,५०० चं. सगळे पहिलं घेतात. पण तीन किलोमीटरला शेअर रिक्षा लागते. एका वेळचे वीस रुपये धरले तर जाऊन-येऊन चाळीस, महिन्याचे सव्वीस दिवस म्हणजे १,०४० रुपये. हा फक्त तुमचा खर्च. बायकोला भाजी आणायला, लेकराला दवाखान्यात न्यायला तीच रिक्षा. पावसात रिक्षाच्या रांगेत अर्धा तास जातो तो वेगळा. म्हणून घर दाखवतात तेव्हा मोटारसायकलवर बसून जाऊ नका. एजंटला सांगा, स्टेशनपासून चालत जाऊ. एजंट ‘पाच मिनिटांवर आहे’ म्हणतो ती पाच मिनिटं त्याच्या गाडीची असतात.

आता घर मिळवायचं कसं. मोबाइलवरच्या जाहिराती बघा, पण भाव समजण्यापुरत्या. तिथे एक फसवणूक इतकी चालते की नाव घेऊनच सांगते. जाहिरातीत सुंदर घर, भाडं निम्मं. फोन केला तर मालक म्हणतो मी लष्करात आहे, बदली झाली, चावी वॉचमनकडे आहे, आधी टोकन पाठवा किंवा गेट पाससाठी हजार रुपये टाका. ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. घर पाहिल्याशिवाय आणि मालकाला समोर भेटल्याशिवाय एक रुपयासुद्धा पाठवायचा नाही, मग समोरचा कितीही गोड बोलो.

मी नवीन एरियात घर शोधायला लागले की सोसायट्यांच्या खालचा इस्त्रीवाला गाठायचे. कोणत्या फ्लॅटमधून कपडे यायचे बंद झाले हे त्याला एजंटच्या आधी कळतं. किराणावाला, दूधवाला, वॉचमन, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बायका यांनाही माहीत असतं. दोन शनिवार-रविवार संध्याकाळी अंबरनाथ पूर्व आणि बदलापूर पूर्व पायी फिरा आणि विचारा. मालक थेट भेटला तर एक महिन्याच्या भाड्याएवढी दलाली वाचते, म्हणजे तुमच्या वडिलांचा जवळजवळ दीड क्विंटल कापूस. एजंट लागलाच तर त्यात गैर काही नाही, मीही तेच काम केलं. पण घर दाखवण्याचे पैसे द्यायचे नाहीत, आणि दलाली ॲग्रीमेंट नोंदवल्याच्या दिवशी द्यायची, टोकनच्या दिवशी नाही. दोन एजंट मधे असले तर दोघांची मिळून एकच दलाली, हे आधीच बोलून घ्यायचं.

काही मालक आडनाव विचारतात, गाव विचारतात, मांसाहार करता का विचारतात, आणि त्यातून जात काढतात. आपल्याकडच्या पोरांना याचा फार त्रास होतो, कितीतरी जणं त्यानं खचून परत आली. खोटं आडनाव सांगून घर घेऊ नका. अकरा महिने घाबरत राहावं लागतं. असा प्रश्न विचारणाऱ्या मालकाची घरं मी दाखवणं बंद केलं होतं, आणि माझं काम काही बुडालं नाही. घर देणारी चांगली माणसं त्या शहरात भरपूर आहेत, शोधायला दोन आठवडे जास्त लागतात इतकंच.

घर बघायला बायकोला घेऊन जा. ती गावी आहे, तिकिटाचा खर्च होईल, तरी न्या. तुम्ही सकाळी सातला निघाल आणि रात्री नऊला याल. त्या घरात दिवसभर ती आणि लेकरू राहणार आहे. ती नळ सोडून बघेल, तुम्ही बघणार नाही. पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, टँकर लागतो का आणि लागला तर पैसे कोण देतं, हे मालकाला विचारू नका, वरच्या मजल्यावरच्या बाईला विचारा. कल्याण-डोंबिवलीच्या आसपासच्या गावांत नव्या इमारती उभ्या राहिल्या आणि पाणी मागून आलं, काही ठिकाणी अजून पुरेसं आलेलं नाही. स्वयंपाकघरातला ओटा, मोरी, खिडकीला जाळी, लेकराच्या हाताला लागेल असा उघडा स्विच, हे सगळं तिला दिसेल. शेजारी बोलणारं कुणी आहे का तेही तीच बघेल. गावच्या अंगणातून आलेली बाई चारशे फुटांत कोंडली जाते, आणि पहिल्या तीन महिन्यांत परत गेलेली कुटुंबं मी पाहिलीत ती भाड्यामुळे कमी, या एकटेपणामुळे जास्त.

पावसाचं सांगते, कारण आपल्या माणसांना त्याचा अंदाज नसतो. तिथला पाऊस यवतमाळच्या दुपटीहून जास्त पडतो. सर्वांत वरच्या मजल्यावरचं घर हजारभर रुपयांनी स्वस्त मिळतं, कारण गच्ची गळते. भिंतीला एकाच कोपऱ्यात ताजा रंग दिसला तर हात लावून बघा, ओल असते. बदलापुरात उल्हास नदीच्या बाजूचं तळमजल्याचं घर घेऊ नका. २००५ च्या जुलैत तिथे पाणी शिरलं, २०१९ च्या जुलैत पुन्हा शिरलं. त्याच वेळी बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, हजारावर प्रवासी बोटींनी काढावे लागले. दुसरा किंवा तिसरा मजला बघा.

इमारतीबद्दल याहून जड बोलायचं आहे. स्वस्त घरांत सगळ्यांत मोठा धोका तोच. उल्हासनगरात मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांत दोन इमारतींचे स्लॅब एकावर एक कोसळले आणि घरात बसलेली माणसं गेली. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारती खोट्या परवानग्यांवर उभ्या राहिल्याचं उघड झालं, त्यांनी महारेराचे, म्हणजे बांधकामांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचे नंबरही मिळवले होते, आणि हायकोर्टानं त्या पाडायला सांगितल्या. त्यात घर विकत घेतलेली कुटुंबं तर अडकलीच, भाडेकरूही अडकले. भाडेकरूला वाटतं, आपल्याला काय करायचं, आपण अकरा महिन्यांचे पाहुणे. पण स्लॅब पडताना भाडेकरू आणि मालक बघत नाही. म्हणून दोन गोष्टी विचाराच: इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला वापरायची परवानगी, ज्याला सगळे ओसी म्हणतात, ते आहे का, आणि सोसायटी नोंदणीकृत आहे का. तीस वर्षांहून जुनी इमारत असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, झालंय का. पावसाळ्याआधी प्रत्येक महापालिका-नगरपालिका धोकादायक इमारतींची यादी लावते, तिच्यात नाव बघा. जिन्याखाली उभं राहून वर बघा. गंजलेल्या सळया दिसत असतील, तर भाडं चार हजार असलं तरी ते घर तुमचं नाही.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले ते डिपॉझिट.

७५,००० म्हणजे किती हे तुमच्या एजंटला कळत नाही, मला कळतं. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. तोही पूर्ण मिळाला असं धरलं, ओलावा म्हणून काही कापलं नाही असं धरलं, तरी सव्वानऊ क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी पाच-सहा क्विंटल धरले तर पावणेदोन एकराचं सगळं पीक, बियाणं, खत, फवारणी, वेचणी काही वजा न करता. तुमचे वडील ते एका अनोळखी माणसाच्या खात्यात टाकणार आहेत. तो पैसा परत आलाच पाहिजे.

माझा स्वतःचा गेला आहे. २००१ मध्ये आम्ही नवरा-बायको कल्याण पूर्वेला पहिल्यांदा भाड्यानं घर घेतलं. डिपॉझिट १५,००० होतं. मायनं कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे पदरात बांधून दिले होते. निघताना म्हणाली, “कागद केला का वं?” मी म्हटलं केला. शंभरच्या स्टॅम्पवर दोन सह्या आणि एक शिक्का, त्याला आम्ही कागद समजत होतो. पाच महिन्यांनी एक माणूस दारात आला आणि म्हणाला, घर माझं आहे, तुम्ही कोण? ज्याला आम्ही मालक म्हणत होतो तो त्याचा जुना भाडेकरू निघाला. तो परत दिसलाच नाही. आम्ही आठ दिवसांत बाहेर पडलो आणि १५,००० तिथेच राहिले. मायला मी दोन वर्षं सांगितलं नाही. त्यानंतर हे काम शिकले, आणि अठरा वर्षांत एकही घर नोंदणीशिवाय दिलं नाही.

म्हणून आधी मालक खरा आहे का ते बघायचं. त्याच्याकडून इंडेक्स टू मागा, म्हणजे घर त्याच्या नावावर नोंदल्याचा सूची क्रमांक दोनचा उतारा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर तो शोधताही येतो. सोबत महावितरणचं चालू बिल आणि सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती. तिन्हीवर एकच नाव हवं आणि ते मालकाच्या आधार कार्डाशी जुळायला हवं. भाऊ, मेहुणा, काका असं कुणी ‘मीच बघतो सगळं’ म्हणत असेल तर नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र, म्हणजे मालकानं त्याच्या वतीनं व्यवहार करायला दिलेला अधिकार, दाखवा म्हणायचं. नाही म्हणाला तर चहा पिऊन परत यायचं.

मग ॲग्रीमेंट. त्याचं नाव लिव्ह अँड लायसन्स करार, बहुतेक अकरा महिन्यांचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावाच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणतो ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालक ‘नोटरी करू, खर्च वाचेल’ म्हणाला की हे कलम त्याला शांतपणे सांगायचं. भांडायचं नाही. माझा अनुभव असा की दहातले आठ मालक तिथेच तयार होतात.

खर्चही घाबरण्याएवढा नाही. ११,००० भाडं, ५०,००० डिपॉझिट, अकरा महिने असं धरा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात डिपॉझिटवर दहा टक्के दरानं धरलेलं व्याज मिळवायचं. ते तीन-चारशे रुपयांच्या घरात जातं. शहरी भागात नोंदणी फी १,०००. माणूस मशीन घेऊन घरी येतो, त्याचं वेगळं. हा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेता येतो. मशीनवर आधारचा अंगठा लागतो आणि इथे आपल्या लोकांची एक अडचण येते. कापूस वेचून, खुरपं धरून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असतात. माझ्यासमोर एका बाईचा अंगठा अकरा वेळा लागला नाही. आदल्या रात्री हाताला तेल लावून ठेवा, आणि करारात बायकोचं नावही घालणार असाल तर तिचं आधार गावीच एकदा तपासून घ्या. अपडेट करायचं असेल तर तिथेच करून या.

करारात काय लिहिलं आहे ते वाचा, मराठीत मागा. डिपॉझिट बँकेतूनच द्यायचं, रोख बिलकुल नाही, आणि करारात रक्कम आणि व्यवहार क्रमांक आला पाहिजे. काही मालक करारात डिपॉझिट कमी दाखवायला सांगतात, ते मान्य करू नका. लॉक-इन म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो काळ तीन महिन्यांहून जास्त ठेवू नका, कारण नोकरीचा भरवसा नसतो. नोटीस एक महिन्याची. आणि एक वाक्य लिहून घ्याच: चावी परत करताना त्याच दिवशी डिपॉझिट परत. ‘आठ दिवसांनी ट्रान्सफर करतो’ यात सगळ्यांत जास्त पैसे अडकतात. रंगाचे, नळाचे, फरशीचे म्हणून पैसे कापले जातात. म्हणून घरात शिरण्याआधी, सामान यायच्या आत, मालकासमोर मोबाइलवर सगळ्या भिंती, नळ, मीटरचं रीडिंग यांचा व्हिडिओ काढा आणि तिथेच त्याला पाठवा. मी हे २०१२ पासून प्रत्येक कुटुंबाला करायला लावलं, आणि कापाकापी जवळपास थांबली.

मेंटेनन्स कोण भरणार तेही लिहा. भाडेकरू आहे म्हणून सोसायटी दोन हजार जास्त घेते, असं काही मालक सांगतात. घरात मालक राहत नाही म्हणून सोसायटी जो आकार लावते तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, तसा शासनाचा आदेश २००१ पासून आहे. वीज थेट मीटरवरच घ्या. सबमीटर लावून युनिटमागे मालकाचा दर घेणारी घरं महाग पडतात.

७५,००० पूर्ण देऊ नका. अंबरनाथ-बदलापूरला वन बीएचकेला ३० ते ५० हजार डिपॉझिटवर घर मिळतं. उरलेले पैसे गॅस, गादी, भांडी आणि दोन महिन्यांच्या भाड्यासाठी बाजूला ठेवा. एजंट ‘हेवी डिपॉझिट’ सुचवेल, तीन-चार लाख द्या, भाडं शून्य. शेतकरी घरांना हे फार भुलवतं, कारण आपल्याकडे पैसा महिन्याला येत नाही, एकदम येतो. एकच फ्लॅट असा चार जणांना देऊन माणूस पळाल्याची प्रकरणं पोलिसांत आहेत. मालकानं तुमचे तीन लाख खर्च केलेले असतात, पुढचा हेवी डिपॉझिटवाला मिळेपर्यंत तो तुम्हाला परत देऊच शकत नाही.

वेळेचंही थोडं पाहा. मे महिन्यात शाळांमुळे सगळे घर बदलतात, तेव्हा भाव चढलेले असतात. पितृपक्षात नव्या घरात कुणी शिरत नाही, रिकामं घर मालकाला खुपतं, तेव्हा हजार-पाचशे सहज उतरतात. आपली अडचण ही की तेव्हा कापूस अजून शेतात असतो. तुम्ही डिसेंबर-जानेवारीत वडिलांनी कापूस विकल्यावर घ्या. तोवर सध्याच्या खोलीत राहून रविवारी एरिया फिरून ठेवा. घाईनं सावकाराकडून किंवा बचत गटाच्या कर्जातून डिपॉझिट उचलू नका. त्या पैशावर व्याज आहे आणि डिपॉझिटवर मालक तुम्हाला काही देत नाही.

आता दोन एकरांचं. मुंबईत काय चाललंय ते कळायला दोन वर्षं लागतात. नोकरी टिकते का, बायकोला तिथे करमतं का, ऑफिस दुसरीकडे हलतं का, हे आज तुम्हाला माहीत नाही. जमीन एकदा गेली की त्या भावात परत मिळत नाही. आणि तुमच्या पगारात सरकारी घराचा रस्ता उघडा आहे. मुंबई महानगर प्रदेशात पती-पत्नीचं मिळून वर्षाचं उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर म्हाडाच्या अत्यल्प उत्पन्न गटात बसतं. तुमचं साडेचार लाखांच्या आत आहे. म्हाडाच्या कोकण मंडळाची आणि सिडकोची सोडत निघते. विरार-बोळींजसारख्या ठिकाणी न विकली गेलेली घरं म्हाडानं सोडतीशिवाय, आधी येईल त्याला अशीही दिली आहेत. पंतप्रधान आवास योजनेतलं घर असेल तर तुमच्या किंवा बायकोच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं लागतं. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं.

ॲग्रीमेंटची नोंदणी झाली की तो कागद जपून ठेवा. गॅस, बँकेचा पत्ता, पुढे मुलीच्या आरटीई प्रवेशाला, म्हणजे खासगी शाळेतल्या मोफत राखीव जागेला, पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरूला नोंदणीकृत भाडेकरारच कामाला येतो. पोलिस व्हेरिफिकेशन मालकानं करायचं असतं, पण तुम्हीच पाठपुरावा करा. गावच्या रेशन कार्डातून नाव मात्र कापू नका. एका कार्डावर तुम्ही तिथे तुमच्या वाट्याचं धान्य उचलू शकता आणि आई-वडील इथे त्यांच्या वाट्याचं.

सोडतीच्या अर्जाला अधिवास प्रमाणपत्र लागतं. त्याला गेल्या पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, आणि तो पुरावा, शाळेचा दाखला, तलाठ्याचा दाखला, सगळा राळेगावलाच आहे. संक्रांतीला घरी याल तेव्हा सेतू केंद्रात अर्ज टाकून या. बायकोचा टाकताना तिच्या माहेरचे कागद आणि लग्नाचं प्रमाणपत्र सोबत घ्या. लग्नाची नोंदणी ग्रामपंचायतीत केलेली नसेल तर आधी ती करा, नाहीतर तिचं आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो.